खाशाबांवर नाटक बसवणाऱ्यांना खुले पत्र : कुस्ती शेवटच्या रांगेपर्यंत दिसू द्या

प्रति,
खाशाबा जाधवांवर नाटक, एकांकिका किंवा दीर्घांक बसवणाऱ्या सर्व नाट्यसंस्था, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि बॅकस्टेजची मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. हा दिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्याच्या आगेमागे गावोगावी त्यांच्यावरचे प्रयोग उभे राहतात. उभे राहायलाच हवेत. पण प्रयोग पाहून बाहेर पडणारा कराड-कोल्हापूरकडचा प्रेक्षक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो : "काम चांगलं केलं पोरांनी, पण कुस्ती काही दिसली नाही." हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. आमच्यातले काही जण तालमीतले आहेत, काही विंगेतले. तालीम हा शब्द दोघांचाही, म्हणून दोघांनी बसून हे लिहिले आहे.

आधी दिसण्याचे बोलू.

आपल्याकडच्या बहुतेक नाट्यगृहांत रंगमंच सव्वातीन ते साडेतीन फूट उंच असतो. पुढच्या रांगांची जमीन जवळजवळ सपाट. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास येतो, म्हणजे रंगमंचाच्या फळीपेक्षा जेमतेम चार-पाच इंच वर. उभ्याने बोलणाऱ्या पात्रांना याने काही बिघडत नाही. पण कुस्ती निम्मी खालीच होते. पट काढला (पाय धरून ओढले), गडी खाली आला, वरच्याने कब्जा घेतला, घिस्सा मारायला हात घातला, की पुढच्या आठ-दहा रांगांना दिसतात दोन तळपाय आणि एक खांदा. पाठ लागली की नाही हे पंचाच्या हाताच्या इशाऱ्यावरून ओळखावे लागते. ज्या कलेत सगळा निकाल पाठीवर ठरतो, तिथे पाठच दिसू नये हा मोठा दोष आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधून घेतले तेव्हा हा प्रश्न सोडवला होता. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळे कुठूनही पाहिले तरी नजर हौद्यात वरून उतरते. त्याला लागूनच त्यांनी पॅलेस थिएटर उभारले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळाले, ही जखम अजून ओली आहे. आखाडा आणि नाटकघर एकमेकांना खेटून उभे करणाऱ्या त्या माणसाला दोन्हीकडच्या प्रेक्षकाची काळजी होती, एवढेच इथे सांगायचे आहे. तुम्हाला प्रेक्षकांच्या खुर्च्या उचलून वर नेता येणार नाहीत. पण आखाडा प्रेक्षकांकडे कलता करता येईल.

त्यासाठी सोळा फूट बाय सोळा फूट अशी उतरती लेव्हल, म्हणजे लाकडी उंचवटा, करा. पुढची कड चार इंच, मागची वीस इंच. म्हणजे सोळा फुटांत सोळा इंच चढ, बाराला एक. यापेक्षा जास्त चढ देऊ नका, घोटे मुरगळतात आणि फेकलेला गडी घरंगळत फूटलाइटपर्यंत येतो. यापेक्षा कमी दिलात तर खर्च वाया. बाराला एक या चढाने काय साधते ते मोजून पाहा : लेव्हलच्या पुढच्या कडेपासून पंचवीस फुटांवर बसलेल्या प्रेक्षकाला जणू पावणेदोन फूट उंच बसवल्यासारखे होते. तेवढ्याने पाठ दिसते, खांदा दिसतो, खालच्याने जमिनीवर रोवलेला हात दिसतो.

आठ बाय चारचे १९ मिलिमीटर प्लायवूड आठ नग लागेल. खाली तीन बाय दोन इंची लाकडाची चौकट, आडव्या पट्ट्या दर सोळा इंचांवर. दोन फुटांवर पट्ट्या टाकून पैसे वाचवण्याचा मोह होतो, तो टाळा. साठ किलोचा गडी उचलून टाकला की त्याच्या वजनाच्या कित्येक पट धक्का एका वीतभर जागेवर बसतो, आणि प्लाय तिथेच दबते. लेव्हलचे तुकडे एकमेकांना खिळ्यांनी जोडू नका, नट-बोल्टने आवळा. चार प्रयोगांनंतर खिळा वर येतो आणि तो कुणाच्या तरी पाठीत घुसतो. पोकळ लेव्हल ढोलासारखी घुमते, म्हणून चौकटीच्या कप्प्यांत जुन्या सतरंज्या ठासा आणि प्लाय व चौकट यांच्यामध्ये रबराची पट्टी द्या. चारही बाजूंना निदान तीन फूट मोकळी जागा हवी. तालुक्याच्या ठिकाणी रंगमंचाची खोली कमी असते, तिथे बारा बाय बारा करा. पण त्या जागेत उचलून फेकायचे डाव करायचे नाहीत, फक्त पट आणि खालची कुस्ती.

वरचे अंग. कबड्डीच्या असतात तशा एकमेकांत अडकणाऱ्या चाळीस मिलिमीटरच्या मॅट भाड्याने मिळतात, त्या चालतील, पण नुसत्या नको. पाय पिळून फिरला की सांधा उघडतो आणि अंगठा त्यात जातो. त्यावर अठरा बाय अठरा फुटांचा एकसंध कॅनव्हास ताणा, चारही बाजूंनी एकेक फूट खाली घेऊन दोरीने आवळा. शिवण मधोमध येऊ देऊ नका. सुरकुती पडली की प्रयोगाआधी पुन्हा ताणायचा, "चालेल" म्हणायचे नाही.

आता मातीचे. खरी तांबडी माती रंगमंचावर आणायची ओढ प्रत्येक नेपथ्यकाराला असते आणि ती आम्हाला समजते. चाळलेली माती, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर, काव : त्या वासावर माणूस वेडा होतो. पण हिशेब पाहा. सोळा बाय सोळावर निदान सहा इंच माती हवी, नाहीतर तो आखाडा नव्हे. होतात १२८ घनफूट, वजन सुमारे पाच टन. लेव्हल तेवढे पेलणार नाही आणि दौऱ्यावर नेणे तर विसराच. मग लोक इंचभर मातीवर भागवतात, आणि सगळ्यात वाईट तेच. प्लायवरची पातळ माती पायाखाली छर्ऱ्यांसारखी सरकते. धूळ नटांच्या घशात जाते, दिव्यांच्या काचांवर बसते आणि पुढच्या संस्थेच्या प्रयोगातही उडते.

आमचा उपाय असा. कॅनव्हासवर दुसरे आवरण घाला, जाड सुती कापड काव आणि गेरूत रंगवलेले, प्रत्येक बाजूला तीन अशा बारा नाड्यांनी घट्ट बांधलेले. खरी माती फक्त एक घमेले, किंचित ओलसर. पैलवान ती मूठभर उचलतो, कपाळाला लावतो, स्वतःच्या अंगाला चोळतो आणि समोरच्याच्या खांद्यावर टाकतो. हे नुसते रीत म्हणून दाखवू नका. घामाने निसटणारे अंग मातीने पकडीत येते, म्हणून तो ती टाकतो. नटाला हे माहीत असेल तर त्याचा हात आपोआप बरोबर पडतो.

आणि मग लंडन. १९४८ च्या ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. ५२ किलो वजनगटात सहावे आले. मॅटवरची आंतरराष्ट्रीय कुस्ती त्यांना नवी होती. हे संवादातून सांगायची गरज नाही. चार माणसे येऊन प्रेक्षकांसमोरच ते तांबडे कापड नाड्या सोडून गुंडाळतात, खालचा फिका कॅनव्हास उघडा पडतो आणि अनवाणी पैलवान पहिल्यांदा बूट बांधतो. चाळीस सेकंद लागतात. अंधार करू नका. संगीत नको. मातीतल्या गड्याचे काय काय हिरावले गेले, हे त्या चाळीस सेकंदांत कळते. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीत जांघ्याला हात घालता येतो, फ्रीस्टाइलमध्ये कपड्याला हात लावणे फाउल. मातीत पोटावर पडून दम खाता येतो, घड्याळ नसते, निकाल लागेपर्यंत खेळता येते. मॅटवर वेळ संपतो आणि पंच हात वर करतात. नटाने मातीच्या प्रवेशात दोनदा जांघ्याची पकड घेतलेली असावी आणि लंडनच्या प्रवेशात त्याचा हात सवयीने तिकडेच जाऊन अर्ध्यात थांबावा. असा एक हात चार संवाद वाचवतो.

आता नट निवडण्याबद्दल. खाशाबा १९५२ साली ५७ किलो गटात खेळले. व्यायामशाळेत दंड फुगवलेला ऐंशी किलोचा देखणा तरुण त्यांच्या भूमिकेत उभा केला की पहिल्याच प्रवेशात नाटक हरते, कारण या माणसाची गोष्टच लहान चणीची, चपळाईची आणि डोक्याची आहे. जोर-बैठकांचे अंग आणि वजने उचलून कमावलेले अंग यांत फरक असतो : पैलवानाची मान जाड, खांदे उतरते, मांड्या भरलेल्या, पोटावर चौकडे असतीलच असे नाही. कान विसरू नका. सततच्या रगडण्याने कानाच्या कातडीखाली रक्त साकळते आणि कान कायमचे फुगून मोडतात. रंगभूषेत पातळ लॅटेक्सने ते करता येतात, पण कुस्तीच्या प्रवेशाआधी काढावे लागतात, नाहीतर प्रतिस्पर्ध्याच्या हातात येतात. अशा वेळी रंगाने कानाच्या आतल्या वळ्या बुजवून सावली देणे पुरते.

कधीही कुस्ती न खेळलेल्या नटाला दहा ते बारा आठवडे द्या. पहिले तीन आठवडे फक्त पडणे. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, हाताचा पंजा एकटा कधी टेकायचा नाही, टेकायचा तर कोपरापासून सगळा हात. मनगट मोडते ते पंजा टेकल्यानेच. पूल, म्हणजे मानेवर अंग तोलणे, प्रेक्षकाला फार आवडतो, पण कच्च्या मानेच्या नटाने तो हातांच्या आधारानेच करावा. वरच्या गड्याच्या अंगाने ते हात झाकता येतात. नंतर डाव. रंगमंचासाठी एकेरी पट, दुहेरी पट, घिस्सा, मोळी, एकलंगी आणि एखादी टांग एवढे पुष्कळ. ढाक, कलाजंग आणि धोबीपछाड यांत माणूस हवेत जातो. ते दोन्ही नट तयार असतील तरच, आणि सबंध नाटकात एकदाच. एकदाच केला तर तो लक्षातही राहतो.

प्रत्येक डाव आधी पावपट वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण. पूर्ण वेगाने कधीच नाही. पाऊण वेग आणि खरा श्वास एकत्र आले की प्रेक्षकाला पूर्ण वेग वाटतो. मनगटाच्या पकडीवर कुठलाही डाव बांधू नका. दोन मिनिटांत घाम येतो आणि मनगट निसटते, मग फेकणारा एकीकडे आणि पडणारा दुसरीकडे. कमरेची, मांडीची, काखेतली पकड घ्या. फेक नेहमी चढाला आडवी, उताराकडे म्हणजे प्रेक्षकांकडे कधीच नाही. पाठ लागण्याच्या क्षणी वरचा गडी प्रेक्षकांपासून दूरच्या बाजूला हवा, म्हणजे खालच्याचे खांदे उघडे राहतात. आणि दोघांत एक खूण ठरवा : अंगावर दोन थापा म्हणजे थांब. ती खूण मिळाली की कुठलाही संवाद, कुठलाही संगीताचा ठोका बाकी असला तरी सुटायचे.

कुस्तीच्या जगात ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि ती शिवी आहे. रंगमंचावरची कुस्ती तर नेहमीच ठरलेली असते. ती नुरा का वाटते, याचे एक साधे कारण आम्हाला सापडले आहे. नट डाव मारतात, पण खडाखडी करत नाहीत. खऱ्या लढतीत बराच वेळ काहीच "घडत" नाही. डोक्याला डोके, हात मानेवर, पाय चाचपत, एकजण पटासाठी हूल देतो, दुसरा कंबर मागे घेतो. ही वीस-पंचवीस सेकंदांची खडाखडी काढून टाकली की उरलेला डाव कवायतीसारखा दिसतो. ती ठेवा. आणि प्रत्येक लागलेल्या डावामागे दोन फसलेले डाव ठेवा.

इतिहासाकडे वळतो, कारण इथे चुका जास्त खटकतात.

सगळ्यात मोठी चूक हेलसिंकीच्या शेवटच्या प्रवेशाची. बहुतेक संहितांत खाशाबा "कांस्यपदकाची कुस्ती" जिंकतात, प्रतिस्पर्धी चीतपट होतो, टाळ्या. अशी कुस्ती झालीच नाही. त्या वेळी स्पर्धा वजा गुणांवर चालायची : चीतपट जिंकला तर शून्य, गुणांवर जिंकला तर एक, हरला तर तीन, आणि पाच झाले की बाहेर. शेवटी उरलेल्या तिघांत पदकाच्या लढती. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून त्या तिघांत जागा मिळवली. पदक तिथेच पक्के झाले होते. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव या दोघांकडूनही ते हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

हे लपवण्यासारखे आहे का? आमच्या मते नाटकाचा सगळा जीव इथेच आहे. तेव्हाची कुस्ती पंधरा मिनिटांची. इशीशी दीर्घ झुंज झाली आणि लगेच पुढच्या लढतीचा पुकारा झाला. मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण बाजू मांडायला जवळ कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असे खाशाबांची हकीकत सांगणारे सांगत आले आहेत. तो प्रवेश असा करा : मॅटवर एक माणूस, बाजूला रिकामी खुर्ची, परक्या भाषेतला पुकारा आणि नटाचा खरा धापा टाकणारा श्वास. पाऊण मिनिट काही बोलू नका. मग तो उठतो. पदकासाठी त्याला उठायची गरज नव्हती, पदक मिळालेलेच होते. वरच्या पदकासाठी तो उठला. हरलेल्या लढतीवर पडदा पाडायला दिग्दर्शक घाबरतात. कुस्ती पाहणारा माणूस घाबरत नाही, त्याला हरणाऱ्यातला दम कळतो.

पंधरा मिनिटांची लढत रंगमंचावर अडीच मिनिटांत बसवा, तीन तुकड्यांत : चाळीस सेकंद, थांबा, एक मिनिट, थांबा, उरलेले. यापेक्षा लांबवली तर नट खरेच दमतात आणि दमलेला नट डाव चुकतो. दोन तुकड्यांच्या मध्ये फक्त घड्याळाचा आवाज पुरतो.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण प्रेक्षक त्या टिपतात. पदक गळ्यात घालू नका. ऑलिंपिकमध्ये गळ्यात पदक घालण्याची रीत १९६० च्या रोमपासून आली, हेलसिंकीत ते हातात दिले गेले. समारंभात जन गण मन वाजवू नका, राष्ट्रगीत सुवर्णविजेत्याच्या देशाचे वाजते, त्या दिवशी जपानचे वाजले. तिरंगा वर चढतो आणि सूर मात्र दुसऱ्याच देशाचे ऐकू येतात, यातले कमीजास्त नटाच्या चेहऱ्यावर ठेवा. शिवाय राष्ट्रगीत वाजवले की प्रेक्षागृह उभे राहते, आणि उभ्या प्रेक्षकाला तुम्ही पुन्हा गोष्टीत बसवू शकत नाही. निळ्या-लाल-पिवळ्या वर्तुळांची मॅट आजची, तेव्हाची म्हणून दाखवू नका, फिका एकरंगी कॅनव्हासच ठेवा. विजेवर चालणारा ४-२, १०-० असा गुणफलक नको, निकाल तीन न्यायपंचांच्या मताने लागायचा. चकाकणारा लायक्राचा पोशाखही नको, लायक्रा १९५८ नंतरचे. सुती होजिअरीचा, न चमकणारा, थोडा सैल पोशाख शिवून घ्या.

संवादांतही काळ सांभाळा. १९५२ मध्ये महाराष्ट्र राज्य नव्हते, मुंबई राज्य होते. "महाराष्ट्राचा सुपुत्र" हे वाक्य भावनेने चालेल, पण "महाराष्ट्र शासन" चालणार नाही. महाराष्ट्र केसरीचा उल्लेख नको, ती स्पर्धा १९६१ पासूनची. पैशाच्या प्रवेशात रुपये, आणे आणि पै येऊ द्या, गांधीजींच्या चित्राच्या आजच्या नोटा वापरू नका.

पैशाचा प्रवेश मात्र सोडू नका. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात घराघरांत सांगितली जाते. संहितेत ती दोन मिनिटांच्या रडक्या प्रसंगात गुंडाळली जाते. तसे करू नका. त्यात दोनच वस्तू लागतात, गहाणखत आणि शाईची दौत. सही करणारा माणूस शांत असतो, थरथरतो तो समोर बसलेला पैलवान. आणि परतल्यावर खाशाबा कुस्त्या मारून त्या इनामातून सरांचे पैसे फेडतात, हे दाखवायचे विसरू नका. त्या कुस्त्या पुन्हा तांबड्या कापडावर येतात. तेच कापड आता पुन्हा पसरवा.

हेलसिंकीसाठीच्या निवडीचाही प्रसंग तसाच. मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दासविरुद्ध वादग्रस्त निर्णय, पतियाळाच्या महाराजांकडे दाद, पुन्हा लढत आणि काही सेकंदांत निकाल. इथे तुम्हाला हवी ती चटकदार, झटपट कुस्ती मिळते. तुमचा एकमेव उचलून मारलेला डाव इथे खर्च करा, हेलसिंकीत नको.

त्याच हेलसिंकीत कोल्हापूरकडचे केशव मांगावे ६२ किलो गटात चौथे आले. जवळजवळ कुठल्याच संहितेत ते नसतात. परदेशात खाशाबांशी मराठीत बोलणारे एक पात्र तुम्हाला आयतेच मिळते, आणि निवेदकाची गरज उरत नाही. पदकाच्या एक पायरी अलीकडे थांबलेला मित्र मॅटच्या कडेला उभा करा. त्याला फार वाक्ये देऊ नका.

मिरवणूक. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत दीडशेच्या वर बैलगाड्या, पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास, असे सांगतात. रंगमंचावर ती उभी करायच्या फंदात पडू नका. थर्माकोलचे बैल प्रेक्षकांना हसवतात. एक जू, एक घुंगुरमाळ, विंगेतून येणारा चाकांचा आवाज. सात तास दाखवायचे तर पडद्यावरचा उजेड दुपारच्या पिवळ्यावरून संध्याकाळच्या तांबड्यावर हळूहळू न्या, आणि पैलवानाला मध्ये एकदा बसल्या जागी पेंगू द्या. हलगी इथे आणि मातीच्या प्रवेशांतच वाजू द्या, हेलसिंकीत तिचा एक ठोकाही नको. पावसाळ्यात हलगीचे कातडे सैल पडते, तालमीबाहेर ती जाळावर शेकतात. नाट्यगृहात जाळ चालत नाही, विंगेत हॅलोजनसमोर दोन फुटांवर धरून शेका.

आवाज आणि उजेडाचे थोडक्यात. कुस्ती करणाऱ्या नटाला कॉलर माइक लावू नका, तुटतो आणि टोचतो. लेव्हलच्या पुढच्या कडेखाली दोन माइक ठेवले की श्वास आणि पडण्याचा आवाज दोन्ही मिळतात. समोरचा उजेड अंग सपाट करतो. विंगेतून कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर आडवा उजेड टाका, म्हणजे पाठीचा प्रत्येक स्नायू दिसतो. पण उचलून टाकणाऱ्याच्या डोळ्यांत तो येत नाही ना, हे आधी पाहा. फेकीच्या आधी आणि नंतर तीन सेकंद ब्लॅकआउट नाही. चमकणारे स्ट्रोब तर कधीच नाहीत, त्यात अंतर कळत नाही. लेव्हलच्या चारही कडांना पांढरी पट्टी आणि चार इंची फोम.

दुसऱ्या अंकाबद्दल आमचे ठाम मत आहे. मिरवणुकीवर नाटक संपवू नका, मिरवणुकीवर मध्यंतर करा. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले. म्हणजे खाशाबा हयात होते तोवर देशात तसे पदक मिळवणारे ते एकटेच होते, आणि खाकी कपड्यांत रोजच्या ड्युटीवर जात होते. या बत्तीस वर्षांत डाव नाहीत, पण अंग आहे : अधू गुडघ्याने जिना चढणारा, तरुण शिपायाला खडाखडी शिकवताना पुन्हा मान खाली घालून उभा राहणारा. अपघात टायरच्या किंचाळीने दाखवू नका. कॅनव्हास आणि मॅट काढल्या जातात आणि खालची लाकडी लेव्हल उघडी पडते, तेवढे पुरे.

प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी पाऊण तास लेव्हल मोकळी ठेवा आणि वीस मिनिटे दोन्ही नटांना प्रत्येक डाव एकदा अर्ध्या वेगाने करायला लावा, शंभरावा प्रयोग असला तरी. नखे कापलेली, अंगठी-कडे-दोरा काढलेला, अंगाला तेल नाही. कॅनव्हास प्रत्येक प्रयोगानंतर जंतुनाशकाने पुसून वाळवा. गजकर्ण तालमीत जसे पसरते तसे नाटकाच्या चमूतही पसरते. बर्फ आणि मानेचा पट्टा विंगेत, आणि कुठल्या दवाखान्यात जायचे हे व्यवस्थापकाला आधीच माहीत. डाव बसवणाऱ्या वस्तादाचे नाव दिग्दर्शकाच्या नावाखाली जाहिरातीत छापा आणि त्याला नृत्यदिग्दर्शकाइतके मानधन द्या. बहुतेकदा त्याला नारळ आणि शाल मिळते.

आणि रंगीत तालमीला जवळच्या तालमीतली दहा-बारा वर्षांची पोरे बोलवा. त्यांना एकत्र बसवू नका, पहिल्या, पाचव्या, दहाव्या आणि शेवटच्या रांगेत पेरा. कुस्ती चालू असताना ती गप्प राहणार नाहीत, त्यांना गप्प करू नका. कुठल्या रांगेतून "पाठ लागली नाही" अशी आरोळी आली ते लिहून घ्या, आणि तो डाव दुसऱ्या दिवशी त्या रांगेत बसून पुन्हा बसवा.

आपले,
तालमीतले आणि विंगेतले काही जण